ॲटॅक बरा झाला, मग पेसमेकर कशाला?



"ॲटॅक येऊन पावणेदोन वर्षं झाली. स्टेंट टाकला, रक्तवाहिनी उघडली, छातीत दुखायचं थांबलं. मग आता हे पेसमेकरचं काय मध्येच?" आमच्या मोठ्या भाभींना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, पेसमेकर बसवल्यापासून हा प्रश्न मला निदान दहा जणींनी विचारला असेल. प्रत्येकीला फोनवर अर्धं-मुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं असं ठरवलं.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि लग्नानंतर बरीच वर्षं दुकानाची खतावणी लिहिली. हिशोब पटल्याशिवाय सही करायची नाही एवढी एक सवय त्यातून लागली. भाभींच्या वेळीही कागदांवर सह्या करायच्या होत्या, म्हणून डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्याला हृदयाचा आजार म्हटलं की नळ तुंबल्याचंच चित्र डोळ्यापुढे येतं. ब्लॉकेज, स्टेंट, बायपास. पण हृदय हा विजेवर चालणारा पंप आहे. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा आपणहून ठिणगी टाकतो. ती वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मग मधल्या एव्ही नोड नावाच्या चौकीपाशी साधारण सेकंदाचा दहावा भाग थांबते. तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरून घेतं. मग ती ठिणगी हिस बंडल नावाच्या एका जाड दोरीतून खाली जाते. पुढे दोरीच्या उजवी आणि डावी अशा दोन फांद्या होतात. डावीच्या पुन्हा पुढची आणि मागची अशा दोन. शेवटी बारीक तंतूंचं जाळं आणि खालचे दोन मोठे कप्पे एकदम आवळतात. हे सगळं सेकंदाच्या आत, आयुष्यभर, आपण सामायिकात असू की भांडी घासत असू.

गंमत म्हणजे वीज वरून खाली जाते, पण तिचा शोध खालून वर लागत गेला. अगदी खालचे बारीक तंतू पर्किन्ये यांनी १८३९ मध्ये पाहिले. मधली दोरी हिस यांनी १८९३ मध्ये. एव्ही नोड जर्मनीत काम करणाऱ्या तावारा या जपानी डॉक्टरांनी १९०६ मध्ये दाखवला. सगळ्यात वरचा सायनस नोड इंग्लंडमध्ये कीथ आणि फ्लॅक यांना १९०७ मध्ये सापडला. मालक सगळ्यात शेवटी सापडला म्हणायचं!

आता मूळ मुद्दा. घरात वायर वेगळी असते आणि भिंत वेगळी. भिंतीचा गिलावा पडला तरी दिवा लागतो. हृदयात तसं नाही. तिथे भिंत हीच वायर आहे. ज्या मार्गाने वीज जाते तो नसांचा बनलेला नसून हृदयाच्याच खास स्नायूपेशींचा आहे. आणि बाकीच्या साध्या स्नायूपेशीसुद्धा एकीकडून घेतलेला करंट शेजारणीला देतात. पेशी-पेशींमध्ये त्यासाठी सूक्ष्म दारं असतात. म्हणजे भिंतीचा तुकडा मेला की त्यातून जाणारी वीजही अडली.

ॲटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर पोसलेला स्नायू उपाशी राहतो. अर्ध्या तासाच्या आसपास पेशी कायमच्या मरायला लागतात आणि पुढचे काही तास ते चालूच राहतं. म्हणून तर वेळेत पोचायला सांगतात. मेलेल्या हृदयपेशींच्या जागी नव्या पेशी जवळजवळ तयार होत नाहीत. शरीर दीड-दोन महिन्यांत तिथे घट्ट पांढरा व्रण भरून काढतं. हा व्रण वाईट नाही हं, तो नसता तर तिथली भिंत फुटली असती. पण तो आवळतही नाही आणि वीजही नेत नाही. पैठणीचा पदर फाटल्यावर रफू केला तर कापड सांधलं जातं, जरीचा तुटलेला धागा मात्र जुळत नाही. तसंच हे. स्टेंटने रक्ताचा रस्ता उघडतो, पण तोवर मेलेला भाग परत येत नाही.

या व्रणामुळे विजेचे तीन प्रकारचे घोटाळे होतात, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं.

पहिला, रस्ता बंद. व्रण नेमका दोरीवर किंवा फांद्यांवर पडला तर वरचा हुकूम खाली पोचत नाही. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. लक्षात घ्या, हा ब्लॉक आणि रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो!

दुसरा, लांबचा वळसा. एक फांदी बंद असली तर वीज दुसऱ्या फांदीतून येते आणि साध्या स्नायूतून हळूहळू पलीकडे पोचते. एक बाजू आधी आवळते, दुसरी मागाहून. दोघींनी मिळून सतरंजी झटकताना एकीचा हात मागे पडला तर झटका बसत नाही, तसं पंपिंग ढिलं पडतं. ईसीजीच्या कागदावर बारीक चौकटी असतात, एक छोटी चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. खालचे कप्पे आवळण्याची उंच टोकदार रेघ एरवी तीन छोट्या चौकटींच्या आत संपते. फांदी पूर्ण बंद असेल तर ती रुंद होते. मला त्या चौकटी मोजायला मजा वाटली, पण निदान मात्र चौकटी मोजून घरी करायचं नाही.

तिसरा, गोल फिरणं. व्रणाच्या कडेला काही पेशी अर्धवट जिवंत राहतात. त्यांच्यातून वीज रेंगाळत जाते आणि बाहेर पडेपर्यंत बाकीचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो. मग तीच ठिणगी पुन्हा आत शिरते, पुन्हा बाहेर, अशी व्रणाभोवती फेऱ्या मारत राहते. ठोके एकदम खूप वाढतात आणि जीवावर बेतू शकतं. ज्यांचं पंपिंग ॲटॅकनंतर उपचार करूनही ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहतं, त्यांना हा धोका जास्त. त्यांच्यासाठी आतून शॉक देणारं वेगळं यंत्र असतं.

व्रण कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. एव्ही नोडला बहुतेक लोकांत उजव्या रक्तवाहिनीतून रक्त मिळतं. हीच वाहिनी सहसा हृदयाची खालची भिंत पोसते. त्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये ब्लॉक झाला तरी पुष्कळदा तो काही दिवसांत आपोआप सुटतो, फार तर तात्पुरती वायर घालावी लागते. पुढच्या भिंतीच्या ॲटॅकचं तसं नाही. तिथली वाहिनी मधल्या पडद्यातल्या फांद्यांना रक्त देते. त्या फांद्या बंद झाल्या याचा अर्थच पुष्कळ स्नायू गेला. ते नुकसान बहुतेक वेळा राहतं.

आमच्या भाभींचा ॲटॅक पुढच्या भिंतीचा. भाभींना वीस वर्षांचा मधुमेह. त्यामुळे छातीत कळ अशी आलीच नाही. नुसती धाप आणि घाम. मधुमेह्यांमध्ये, आणि बायकांमध्ये तर जास्तच, असं होतं हे मुद्दाम लिहून ठेवते. घरी येताना कागदावर लिहिलं होतं की उजवी फांदी बंद आणि डावीची पुढची फांदी बंद. म्हणजे खाली जाणाऱ्या तीन रस्त्यांपैकी दोन गेले, एकावर कारभार चालू. पंपिंग ४५ टक्के. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "आता काही करायचं नाही. पण चक्कर येऊन पडल्या तर त्याच दिवशी आणा."

मग पर्युषण आलं. भाभींना कडक तप करायला मनाई होती, तरी त्यांनी एकासने धरले होते. चौथ्या दिवशी स्थानकात सामायिकात बसल्या असताना हातातली माळ खाली पडली आणि मान एका बाजूला कलंडली. पाच-सात सेकंद. मग डोळे उघडले, चेहरा लालसर झाला आणि म्हणाल्या, "काय गं, काय झालं?" त्यांना काही आठवतही नव्हतं.

सगळ्यांचं मत एकच, एकासन्याची अशक्तता. मोठे जेठजी म्हणाले, संवत्सरी होऊ द्या, पारणं झालं की बरं वाटेल. घरात वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायची पद्धत नाही. पण भाभींची सून शांतपणे म्हणाली, "पप्पाजी, मम्मी उठताना नाही पडल्या. बसल्या जागी गेल्या. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच दिवशी आणा." एवढं बोलून तिने कपाटातून जुनी फाईल काढली. जेठजींनी फाईलीवरचं ते वाक्य वाचलं आणि गाडीची किल्ली घेतली.

मैत्रिणींनो, हा फरक आपण तप करणाऱ्या बायकांनी पाठच करून ठेवायला हवा. उपासाची भोवळ बहुधा सांगून येते. आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मळमळतं आणि ती सहसा उठताना किंवा उभं राहिल्यावर येते. हृदयाचा ठोका थांबल्याने येणारी चक्कर पुष्कळदा न सांगता येते, बसल्या-झोपल्याही येते, काही सेकंदांत जाते आणि माणूस लगेच बोलू लागतं. लगेच बरं वाटतं म्हणूनच ती फसवी.

दवाखान्यात मॉनिटर लावला. रात्री दीड-दोनच्या सुमारास तिसराही रस्ता अधूनमधून बंद पडतो हे दिसलं. वरचे कप्पे मिनिटाला ८० आणि खालचे ३२, एकमेकांशी काही संबंध नाही. मालक ऑर्डर देतोय, गोडाऊनला पोचतच नाही आणि गोडाऊन आपल्या मनाने जमेल तेवढा माल सोडतंय. हे मनाने सोडणं म्हणजे हृदयाची शेवटची सोय. खालच्या भागालाही स्वतःचा मंद ठेका असतो, मिनिटाला २० ते ४०. पण तो भरवशाचा नसतो.

डॉक्टर म्हणाले पेसमेकर. भाभी म्हणाल्या नाही.

त्यांचं कारण ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. त्या म्हणाल्या, "मला मरणाची भीती नाही. पण उद्या माझी वेळ आली, मला संथारा घ्यावासा वाटला, आणि हे मशीन मला जाऊच देईना तर? शरीर सुटू बघतंय आणि यंत्र ठोके देत बसलंय, असं मला नको." त्यात रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या श्राविकेचा तो खरा प्रश्न होता.

ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी नातीच्या वयाची. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आजी, हे मशीन हृदय चालवत नाही. फक्त हाक मारतं. ओ द्यायला आतला स्नायू जिवंत हवा. शरीराची खरोखर वेळ येते तेव्हा स्नायू थकतो, रक्तातलं रसायन बदलतं, मग मशीनने कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही. हे यंत्र कुणाला अडकवून ठेवत नाही. आत्ता तुमचा स्नायू ठीक आहे, फक्त हाक पोचत नाहीये." शॉक देणारं यंत्र वेगळं, त्याचा शॉक शेवटच्या दिवसांत रुग्णाच्या इच्छेने बंदही करता येतो, पण भाभींना ते लागणारच नाही, हेही तिने सांगितलं.

भाभींनी थोडा वेळ नवकार म्हटला. मग मला म्हणाल्या, "म्हणजे पोस्टमनच बदलायचाय." आणि सही केली. संथाऱ्याबद्दल धर्म काय सांगतो ते महासतीजींनी सांगायचं, माझा तो अधिकार नाही. पण भाभींच्या मनातला प्रश्न शरीराबद्दलचाही होता, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच त्यांचं मन शांत झालं. आजारी माणसाने नकार दिला की आपण लगेच समजूत घालायला लागतो. आधी कारण विचारलं पाहिजे.

नंतर पेसमेकरबद्दल वाचताना एक गोष्ट कळली. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इथे बसवला गेला. रुग्ण होते आर्ने लार्सन. विषाणूच्या संसर्गानंतर त्यांच्या हृदयातला विजेचा मार्ग बिघडला होता आणि ते दिवसातून कित्येकदा बेशुद्ध पडायचे. असं यंत्र तेव्हा माणसाच्या शरीरात कुणीच बसवलं नव्हतं. त्यांच्या पत्नी एल्स-मारी यांनी सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून लागून ते करून घेतलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. मग दुसरं. आयुष्यभरात त्यांनी वीसहून जास्त यंत्रं बदलली आणि २००१ मध्ये ८६ वर्षांचे होऊन गेले. एका बायकोच्या पाठपुराव्यातून ४३ वर्षं मिळाली!

सगळं नुकसान ॲटॅकनेच होतं असंही नाही. वयानुसार या मार्गावर नुसती झीज होऊन तंतू घट्ट होतात, कॅल्शियम साचतं. खात्यात घसारा लावतो ना, तसाच समजा. लहानपणचा सांध्यांचा ताप, घटसर्प, विषाणूची सूज यांनीही विजेचा मार्ग बिघडू शकतो. महाधमनीच्या झडपेचं ऑपरेशन झालं की शेजारच्याच दोरीला धक्का बसू शकतो. आणि काही वेळा दोष नुसता औषधांचा असतो. ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांनी ब्लॉक वाढतो, डोस बदलला की सुटतो. म्हणून पेसमेकर ठरवण्याआधी डॉक्टर गोळ्यांची यादी मागतात.

आता आपल्या घरातल्या उपयोगाचं.

चातुर्मासात तप करायचं असेल आणि हृदयाच्या, बीपीच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर पचक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाणी कमी पडलं की किडनीवर ताण येतो आणि रक्तातलं पोटॅशियम बदलतं. ते जास्त वाढलं तर हृदयातली वीज मंदावते, फार कमी झालं तर जादा ठोके पडतात. व्रण असलेल्या हृदयाला दोन्ही जड. किडनी अशक्त असेल तर पारण्याला नारळपाणीसुद्धा विचारून द्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आपल्या शास्त्रकारांनी पोरसीपासून पुढच्या बहुतेक पचक्खाणांत सर्वसमाधीचा आगार ठेवलाच आहे. दुखण्याने समाधी भंगत असेल तेव्हा औषध घेतलं तर पचक्खाण मोडत नाही, ही सोय त्यांनीच करून ठेवली आहे.

पेसमेकर बसवलेल्या बाईने सुरुवातीचे काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणजे वरच्या फळीवरचे डबे काढणं आणि दोन्ही हात वर करून अंबाडा घालणं बंद. मोबाईल यंत्रापासून निदान सहा इंच लांब ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. ब्लाऊजमध्ये फोन खोचायची सवय असेल तर सोडायची. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवायचं, म्हणून भाभींकडे ती काढून टाकली. मिक्सर, फ्रीज, टीव्ही, मायक्रोवेव्ह चांगल्या स्थितीत असतील तर काही त्रास नाही. पेसमेकरचं कार्ड पर्समध्ये हवं. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगायचं. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते, पण तपासणी दरवेळी ठरल्या तारखेला. आणि एक गोष्ट बोलायला अवघड आहे तरी लिहिते. दहनाआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, नाहीतर आगीत बॅटरी फुटते. घरातल्या एका तरी माणसाला हे माहीत असू द्या.

शेवटी, ज्यांच्या घरात कुणाला ॲटॅक येऊन गेला आहे त्यांनी घरी सोडतानाच्या ईसीजीची एक प्रत जपून ठेवा. तो कागद काळाच्या ओघात फिका पडतो, म्हणून मोबाईलवर फोटो काढून सुनेकडे, मुलाकडेही पाठवून ठेवा. नव्या ईसीजीत काय बदललं हे जुना समोर असला की डॉक्टरांना पटकन कळतं. मागच्या वर्षीचं पान नसेल तर या वर्षीचा ताळेबंद लागत नाही, हे कॉमर्सवालीला वेगळं सांगायला नको.

भाभी आता रोज सकाळी स्थानकात चालत जातात. यंदा त्यांनी फक्त नवकारसी आणि चौविहार ठेवला आहे आणि तेवढ्यावर त्या समाधानी आहेत. तुमच्या काही शंका असतील तर तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा, लाजू नका. लिहिण्यात कमी-जास्त काही झालं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.